डाळिंबी स्वेटरचं माप

९ सप्टेंबर

आज गोटीने स्वतःहून स्वेटर मागितला. ही गोष्ट कुठेतरी लिहून ठेवायलाच हवी, म्हणून लेकीने दिलेली कोरी डायरी कपाटातून बाहेर काढली. ह्यांना सांगायला गेले तर "अरे वा" म्हणाले आणि पुन्हा रेडिओ खोलून बसले. नोकरी संपल्यापासून घरातला एकही रेडिओ ह्यांच्या तावडीतून सुटलेला नाही.

गोटी म्हणजे माझी धाकटी बहीण. लहानपणी इतकी गोल होती की शेजारच्या काकांनी हे नाव ठेवलं, ते पन्नाशी आली तरी चिकटून आहे. पन्नाशी जानेवारीत. चष्म्याच्या दुकानात काम करते, एकटी राहते आणि आजवर तिने माझ्या हातचं काही अंगाला लावून घेतलेलं नाही. "लोकर टोचते" हे तिचं पालुपद. बाकी माझ्या तडाख्यातून कोणी सुटलेलं नाही. ह्यांच्याकडे बिनबाह्यांचे चार स्वेटर आहेत, लेकीकडे चहा गरम ठेवायला किटलीवर घालायच्या इतक्या टोप्या आहेत की तेवढ्या किटल्या तिच्या अख्ख्या इमारतीत नसतील. दातांच्या डॉक्टरांना मोजे दिले, पोस्टमनला कानटोपी. तो बिचारा मला वाईट वाटू नये म्हणून ऊन असलं तरी आमच्या फाटकाशी आला की ती डोक्यावर चढवतो. लेक म्हणते, "आई, लोक तुला घाबरून वाढदिवस सांगत नाहीत." म्हणू दे.

तर गोटी चहा पिता पिता म्हणाली, "ताई, मला एक स्वेटर विण ना. पुढून बटणांचा. हल्ली फार गार वाटतं." मी आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाहीये गं," ती म्हणाली, "विणतेस की नाही ते सांग."

विणतेस की नाही! मी तिथल्या तिथे टेप काढली. छाती बेचाळीस. एरवी तिला हात लावला की गुदगुल्या होतात म्हणून पळते. आज हात वर करून शहाण्या मुलीसारखी उभी राहिली.

१२ सप्टेंबर

लोकरीच्या दुकानात गोटीने डाळिंबी रंग उचलला. जन्मभर राखाडी आणि तपकिरी घालणारी बाई! मी म्हटलं, "अगं, हा भडक होईल." ती म्हणाली, "होऊ दे की. एकदा होऊ दे." दुकानदार म्हणाला, या रंगाची एवढीच लोकर आहे, पुढची खेप आली तर रंगात जरा तरी फरक पडणार. मग होती तेवढी सगळी घेतली.

संध्याकाळी तळहाताएवढा नमुन्याचा चौकोन विणला. एका इंचात किती टाके बसतात ते त्यावर मोजायचं आणि मग हिशेब करून टाके घालायचे. नवशिक्या बायका याचा कंटाळा करतात आणि मग त्यांचे स्वेटर हत्तीला होतात. माझा हात आमच्या विणकाम मंडळात सगळ्यांत एकसारखा. हे मी म्हणत नाही, मंडळ चालवणाऱ्या मास्तरीणबाई म्हणतात, आणि त्या उगाच कोणाला चांगलं म्हणणाऱ्यांतल्या नाहीत. म्हणून तर नवशिक्यांचा वर्ग माझ्याकडे दिला. चौकोन मोजून सुयांच्या डब्यात टाकला.

१५ ऑक्टोबर

पाठ, पुढचे दोन भाग आणि एक बाही टाचून गोटीच्या अंगावर चढवली. खांदे खाली, बगल लोंबतेय, पुढचे भाग एकमेकांवर चार बोटं चढले.

"ताई, यात अजून एक गोटी मावेल," ती म्हणाली आणि इतकी हसली की धाप लागली. खुर्चीत बसून मग पाणी प्यायली.

मी हसले नाही. पुन्हा माप घेतलं, एकोणचाळीस. बेचाळीस कुठून आणले होते मी? मला कानकोंडं झालं. चाळीस वर्षं विणतेय. असं कधी झालं नव्हतं.

१७ ऑक्टोबर

सापडलं! टेपचा दोष. एप्रनच्या खिशातून ती एकदा कपड्यांच्या मशीनमध्ये धुऊन निघाली होती. ह्यांच्या पोलादी पट्टीला लावून पाहिली तर आखडलेली निघाली. नखभर, पण आखडलेली.

"एवढ्याने तीन इंचांचा फरक पडतो?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही रेडिओत डोकं घाला," मी म्हटलं.

आणखी काहीतरी बोलायचं होतं त्यांना. टेपचं टोक बोटांत धरून बराच वेळ उभे होते. मग गेले. जुनी टेप मी केराच्या टोपलीत टाकली आणि नवी आणली. अख्खा स्वेटर उसवला. उसवताना जीव तुटतो खरा, पण कारण कळलं की हलकं वाटतं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

उसवलेली लोकर कुरळी होते. तिच्या लडी करून कोमट पाण्यातून काढायच्या, दांडीला टांगायच्या आणि खाली वजन बांधायचं, म्हणजे वाळताना सरळ होते. वजनाला काही मिळेना म्हणून मी ह्यांचे बूट बांधले. सकाळी हे बाहेर पडायला निघाले आणि बूट पाहून असे चिडले! कधी न ऐकलेला आवाज. "आजच सुचलं हे तुला? आजच?" भाजी आणायला बूट कशाला लागतात, मी विचारलं. घरातल्या सपाता घालून निघून गेले. दुपारी आले ते एक कोबी घेऊन.

निवृत्त झाल्यावर पुरुषांचं डोकं फिरतं, असं मंडळात सगळ्याच सांगतात.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुन्हा कोबी. सकाळी गेलेला माणूस दुपारी एक कोबी घेऊन येतो, दर मंगळवारी. मला वाटतं, ह्यांनी सिगारेट पुन्हा सुरू केली. कोट हुंगून पाहिला. सिगारेटचा नाही, फिनेलचा वास येत होता. म्हणजे कुठल्या तरी सार्वजनिक संडासात लपून ओढत असणार. या वयात! विचारलं तर म्हणाले, "नाही गं, नाही ओढत," आणि डोळे पुसले. कांदा चिरायला घेतला होता, पण तो तोवर अख्खाच होता. गुन्हेगार माणूस असाच हळवा होतो.

८ नोव्हेंबर

बाही.

१३ नोव्हेंबर

माझ्यात काहीतरी बिघाड झालाय.

नव्या टेपेने, नव्या मापाने विणलेला स्वेटर आज गोटीला घातला आणि पुन्हा तेच. सैल. नुसता सैल नाही, खुंटीला अडकवल्यासारखा. मी पुन्हा टेप लावली. साडेछत्तीस. मी आकड्याकडे बघत राहिले. वाटलं, आपण छत्तीसचे एकोणचाळीस वाचले असतील का? सहा आणि नऊ तसे फसवे.

गोटी माझ्याकडे बघत होती. तोंड उतरलं होतं तिचं, दाढ काढलीय म्हणे. मग म्हणाली, "ताई, आकडे नीट दिसतात का तुला? दुकानात ये. नंबर तपासू."

"तू बारीक तर होत नाहीयेस ना?" मी सहज विचारलं.

"मी?" ती हसली. "तीस वर्षं प्रयत्न करतेय, जमलंय का कधी?"

ते मात्र खरं. तिने भात सोडला, पाव सोडला, साखर सोडली, दर वेळी आठवड्यात सगळं परत धरलं. गोटी ती गोटीच.

१५ नोव्हेंबर

गोटीच्या दुकानात गेले. तिने स्वतः नंबर तपासला. किंचित वाढलाय म्हणाली, आणि नवा चष्मा तिच्याकडून. मी नको नको म्हटलं. "घे गं, तू मला स्वेटर देतेस ना," म्हणाली. फ्रेम दाखवायला मालक स्वतः आले आणि त्यांनी गोटीला बसायला आपली खुर्ची आणून दिली. मालकाने कामाला असलेल्या माणसाला खुर्ची दिलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मी गोटीला म्हटलंसुद्धा, असा मालक मिळायला भाग्य लागतं.

नव्या चष्म्यातून सगळं होतं तसंच दिसतं. पण बरं वाटलं. पुन्हा उसवला.

२५ नोव्हेंबर

या वेळी सगळा स्वेटर होईपर्यंत थांबले नाही. नुसती पाठ विणून गोटीकडे घेऊन गेले आणि तिच्या पाठीला लावली. दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर.

ती म्हणाली, "हात सैल पडतोय गं तुझा. वय झालं आता आपलं." प्रेमानेच म्हणाली. मला मात्र ते कुठेतरी खोल लागलं. घरी येताना रस्ताभर मी आपली बोटं बघत होते. आमच्या आत्याचे हात असेच आधी सैल पडले, मग थरथरायला लागले, मग तिला बटण लावता येईना.

आणखी एक गंमत. दर वेळी उसवून विणलं की लोकर जास्त उरते. पहिल्यांदा जेमतेम पुरेल असं वाटलं होतं, आता तीन गुंडे नुसते पडून आहेत. हात सैल पडला तर लोकर जास्त लागायला हवी ना? हे काही मला उलगडत नाही.

२७ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे जाऊन आले. एकटी जायला भीती वाटली म्हणून गोटीला बरोबर घेतलं. तिने लगेच हो म्हटलं. आत शिरताच काउंटरवरची मुलगी तिला म्हणाली, "अहो, तुमची तारीख पुढच्या आठवड्यात आहे ना?" गोटी म्हणाली, "आज मी नाही, आज ताई." हिच्या ओळखी कुठे कुठे! त्या मुलीलाही चष्मा विकला असणार.

डॉक्टरांनी माझी बोटं दाबून पाहिली, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं, पेन घट्ट धरायला लावलं. म्हणाले, "तुमचे हात माझ्यापेक्षा धड आहेत." मी सांगितलं की स्वेटर सैल होतोय. ते माझ्याकडे पाहत राहिले. "कोणाचा स्वेटर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाहेर बसलीय तिचा. ते कागद सारखे करत बसले. डॉक्टरांना विणकामातलं काय कळणार?

बाहेर आले तर गोटी भिंतीला डोकं टेकून झोपली होती. तोंड उघडं. मी हलवून उठवली तेव्हा क्षणभर तिने मला ओळखलंच नाही.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

"हात ठीक आहेत म्हणे."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" ती म्हणाली. खरं म्हणजे ती बरोबर उलट म्हणाली होती.

४ डिसेंबर

मंडळात आज मास्तरीणबाईंना सांगितलं की नवशिक्यांचा वर्ग मला झेपणार नाही, दुसरं कोणी बघा. जिला एक स्वेटर मापाचा विणता येत नाही तिने इतरांना काय शिकवायचं? त्यांचाही चष्मा गोटीच्या दुकानातलाच. तो काढून पुसत त्यांनी विचारलं, "तुमच्या बहिणीची तब्येत कशी आहे?"

"ती ठणठणीत आहे," मी म्हटलं, "काळजी माझी करा."

घरी येऊन रडले. ह्यांनी पाठीवर हात ठेवला. "वर्ग सोडू नकोस," म्हणाले. "तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही." ह्यांना काय माहीत!

१२ डिसेंबर

आज नको ते बोलून बसले.

स्वेटर तिसऱ्यांदा पुरा करून नेला होता. बटणंसुद्धा लावली होती, शिंपल्याची, दोन दुकानं फिरून आणलेली. या वेळी प्रत्येक ओळ मोजून विणली, सुया एक नंबर बारीक घेतल्या. गोटीने घातला. मी बघितलं आणि माझ्या अंगाची आग झाली.

ती काहीतरी हलकंफुलकं बोलणार होती, मी बोलू दिलं नाही. म्हटलं, "तू मला माप देताना पोट फुगवतेस आणि घालून बघताना श्वास ओढून घेतेस. तुला तो नकोच आहे. सरळ सांग ना."

"नाही गं ताई, छान झालाय. राहू दे सैल."

"राहू दे म्हणजे काय? माझा सैल स्वेटर घालून गावभर हिंडणार? आणि मग सांगणार, ताईचा हात गेला?"

ती गप्प बसली की मला अजूनच चेव येतो, लहानपणापासून. मग मी म्हटलं, "तुला कधी कशात समाधान नव्हतंच. कोणी काही दिलं तर घेता येत नाही तुला. म्हणून तर एकटी राहिलीस."

तिने सावकाश बटणं काढली. खूप वेळ लागला तिला. स्वेटर घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जरा पडते मी, दार ओढून घे."

मी आपटून घेतलं.

१९ डिसेंबर

तिचा फोन नाही. मी का करावा? दर वेळी मीच नमतं घ्यायचं का?

२३ डिसेंबर

लेकीचा फोन. म्हणाली, "मावशीशी बोललीस का?" मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं? तर म्हणाली, "बाबांनी. आई, तू तिला फोन कर." मी म्हटलं, ती करेल. लेक फोनवर रडायला लागली. कामाचा ताण आहे म्हणाली.

या घरात हल्ली सगळे रडवे झालेत.

२८ डिसेंबर

नीट लिहायला हवं. हात धड आहे हे आज मला माहीत आहे.

दुपारी सुयांचा डबा आवरताना तो चौकोन सापडला, सप्टेंबरातला. मनात आलं, आपला हात नक्की किती बिघडलाय ते तरी कळू दे. त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर नवा चौकोन विणला. शेजारी शेजारी ठेवले. मोजले. मग चौकोनावर चौकोन ठेवला. टाक्याला टाका. काठाला काठ.

मग डोळे. ह्यांच्या पोलादी पट्टीवरचे बारीक आकडे जुन्या चष्म्याने वाचले, नव्याने वाचले. सारखेच. मग टेप. पट्टीला लावली, बरोबर. ती जुनी नखभर आखडली होती, ती नखभरच. ह्यांनी तेव्हाच विचारलं होतं.

हात बरोबर, डोळे बरोबर, टेप बरोबर. उरलेले गुंडे टोपलीत होते. आता पाच झाले होते. त्यांच्याकडे बघितलं आणि ते कुठून आले ते कळलं. मी जमिनीवरच बसले.

हे घरी आले तेव्हा मी तशीच बसले होते. ह्यांच्या हातात पिशवी होती, त्यात कोबी होता. मी विचारलं, "गोटीला काय झालंय?"

ते बूट न काढता माझ्याजवळ खाली बसले. आजवर कधी बुटांनिशी आत आले नाहीत. म्हणाले, "पोटात आहे. जुलैमध्ये कळलं. पसरलंय. दर मंगळवारी मी घेऊन जायचो औषध चढवायला. आता तेही बंद केलंय, म्हणून आज रविवार असूनही बघून आलो. तिने शपथ घातली होती गं. तुला सांगितलं तर पुन्हा तोंड पाहणार नाही म्हणाली."

"लेकीला माहीत आहे?"

"हो."

"दुकानाच्या मालकांना? मास्तरीणबाईंना?"

"त्यांना दिसलं असेल," हे म्हणाले.

सगळ्यांना दिसलं. मी पुन्हा पुन्हा तिला टेपेने मोजत होते, आणि मला दिसलं नाही.

२९ डिसेंबर

सकाळीच गेले. गोटीने दार उघडलं आणि माझं तोंड पाहून तिला कळलं. "सांगितलं वाटतं भावोजींनी," म्हणाली. "कोबीला कंटाळले असतील."

ती काठीसारखी झालीय. मनगटं, गळ्याचं हाड. गेल्या वेळी ही अशीच असणार, आणि मी खांद्याची शिवण बघत होते.

"मी त्या दिवशी जे बोलले ते..."

"सोड ते. मला आवडलं उलट."

"काय?"

"भांडलीस ते. जुलैपासून माझ्याशी कोणी भांडलेलं नाही, ताई. सगळे असे गोड बोलतात की वाटतं, गेलेच मी. तू एकटी दर पंधरा दिवसांनी येऊन मला घालूनपाडून बोलायचीस. तुला कळलं असतं तर तूही गोड झाली असतीस."

"म्हणून माझ्या हातावर ढकललंस? चष्मा करायला लावलास? मी डॉक्टरांकडे गेले! मी वर्ग सोडला, गोटे!"

"वर्ग सोडलास ते मला माहीत नव्हतं," ती म्हणाली आणि रडायला लागली. तिला रडताना मी पाहिलं त्याला किती वर्षं झाली असतील. मी तिच्याजवळ बसले. काय करावं कळेना, म्हणून तिची चादर सारखी करत राहिले.

दुपारी हे आले आणि आम्ही दोघांनी मिळून तिला घरी आणलं. बाहेरच्या खोलीत, खिडकीशी.

७ जानेवारी

स्वेटर चौथ्यांदा विणतेय, तिच्या उशाशी बसून. आता लपवाछपवी नाही. चौतीस. ती झोपते, उठते, विचारते, "बाही आली?" मी म्हणते, येतेय. रेडिओ ह्यांनी तिच्या खोलीत हलवलेत. तिला बोलत नाही तो रेडिओ आवडतो म्हणे, फक्त खरखरणारा.

सूप दोन चमचे.

मास्तरीणबाई येऊन गेल्या. वर्ग माझ्यासाठी ठेवलाय म्हणाल्या. मी म्हटलं, आत्ता नाही.

१८ जानेवारी

गोटीची पन्नाशी. स्वेटर झाला. शिंपल्याची बटणं मी लावली, तिने हात पुढे करून ठेवले होते. बसला. खांद्याला खांदा, मनगटाला मनगट. चार महिन्यांत पहिल्यांदा बसला. डाळिंबी रंगाने तिच्या तोंडावर जरा उजेड आल्यासारखा वाटला. लेक आली होती, तिने फोटो काढले. हे "अरे वा" म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

"टोचत नाही," गोटी म्हणाली. "उगाच इतकी वर्षं घातला नाही."

मी आज सुखी होते. तसं म्हणायची लाज वाटते, पण होते.

३ फेब्रुवारी

पुन्हा सैल झालाय. आज कूस बदलताना बाहीतून तिचा अख्खा हात आत सरकला. मी काही न बोलता कात्री आणली, शिवण उसवायला. तिने डोळे उघडले.

"नको उसवू आता."

"आठवड्यात होईल गं. हात चालतो माझा."

"ताई, खरं सांगू? मला स्वेटर नकोच होता." आता ती एकेक शब्द थांबून बोलते. "एकटं राहिलं ना, की हात लावणारं कोणी उरत नाही. डॉक्टर लावतात, पण ते हातमोजे घालून. आपल्या घरी कोणी कोणाला जवळ घेतच नव्हतं. तुला जवळ घे म्हटलं असतं तर काय झालंय विचारलं असतंस. म्हणून स्वेटर मागितला. तू टेप घेऊन आलीस की दोन्ही हात घालायचीस माझ्याभोवती. हनुवटी खांद्यावर टेकायची तुझी, पाठीमागचं टोक बघायला. तेवढंच. ते झालं की मी सैल आहे म्हणायची, म्हणजे तू परत येशील."

मी म्हटलं, "सैल होताच तो."

"हो," ती म्हणाली. "तेवढं एक बरं झालं."

११ फेब्रुवारी

आज डोळे फारसे उघडत नाहीत. डॉक्टर येऊन गेले, ह्यांच्याशी दाराबाहेर बोलले. लेकीला कळवलंय, ती निघाली आहे.

दुपारी मी आणि गोटी दोघीच होतो. मी टेबलावरची टेप घेतली. तिला हलकेच उठवून माझ्याकडे टेकवली, एक हात पाठीमागून नेला, दुसऱ्या हाताने टेप पुढे ओढून घेतली. तिने डोळे न उघडता विचारलं, "आता काय विणतेस?"

"काही नाही," मी म्हटलं, "गप उभी राहा."

ती उभी नव्हती. तरी हसली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, मी हनुवटी तिच्यावर टेकवली. टेपची दोन्ही टोकं माझ्या मुठीत होती. ह्यांची पावलं वाजेपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो. आकडा मी पाहिला नाही.